गजभिये काका आणि कामिनीवरचे प्रवासी

गजभिये काका कुणाकडेही गेले की आधी कुंपणाची विचारपूस करतात. माणसांची पाळी नंतर. गल्लीतल्या एका साखरपुड्यात सनई वाजत असताना ते फाटकाजवळच्या तगरीची पाने उलटी करून पाहत होते. यजमान लगबगीने सामोरे आले, तेव्हा काका म्हणाले, "अभिनंदन. तुमच्या तगरीले खवले कीड हाये."

आर्वीच्या एसटी आगारात, चौकशीच्या खिडकीमागे त्यांचे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, भाषा सुटली नाही. सालीचा फुगवटा समजून आपण जिच्यावरून सहज बोट फिरवतो, ती या किडीची तपकिरी टिकली म्हणजे त्यांच्या लेखी सीट धरून रस पीत बसलेला प्रवासी. "एकदा बसली का उठत नाई. नखानं उचलून पाहा. ओली निघाली तं जित्ती, कोरडी तं मेली." तिचा गोड चिकटा चाटणारी आणि बदल्यात तिची राखण करणारी मुंगी हा कंडक्टर. उपायही ठरलेला : दाट फांद्या निर्दयपणे छाटा, ऊन आत येऊ द्या. गल्लीतली कितीतरी कुंपणे त्यांच्या हुकमाने बोडकी झाली होती.

यंदा पाळी आमच्या कामिनीची आली. काकांचे घर आणि आमचे घर यांच्यामध्ये पुरुषभर उंचीचे हे सदाहरित कुंपण. फुलले की साऱ्या अंगणाला मधाचा, ओल्या चंदनाचा वास. तिची पाने आधी बोटांना चिकटू लागली, मग चुलीमागच्या भिंतीसारखी काजळली. माझे यजमान कंटाळले. कामिनी उपटून भिंत घालू म्हणाले, आणि मिस्त्री येऊन मापही घेऊन गेला.

काकांनी ते ऐकले आणि त्यांच्या अंगात वारे शिरले. दात घासायचा जुना ब्रश, साबणाचे पाणी, निंबोळीचे तेल घेऊन ते फांदी फांदी घासू लागले. एका सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतले. भिंगाखाली पिवळसर, धुळीच्या कणाएवढी पिल्ले आईच्या कवचाखालून बाहेर पडत होती. काकांचा आवाज आनंदाने कापत होता. "पिल्लं चालून राह्यली, ताई. आत्ताच फवारा लागते. पाठीवर कवच चढलं का औषधाले दाद देत नाई."

फवारले. बाहेरची पाने उजळलीही. पण आतल्या गच्च फांद्यांपर्यंत फवारा पोचेना, आणि तिथून कीड पुन्हा पसरे. मी विचारले, "काका, सगळ्यांना छाटायला लावता, मग आमचीच काऊन नाही?"

"पाहू," एवढेच म्हणून ते ब्रश घासत राहिले.

शेवटी यजमानांनी स्पष्ट सांगितले : कीड गेली नाही, तर पुढच्या आठवड्यात मिस्त्री. दुसऱ्या दिवशी काका मोठी कात्री घेऊन आले. त्यांनी कामिनी गुडघ्याएवढी छाटली, किडकी छाटणी गोळा करून जाळली. हिरव्या रसाचा कडवट दर्प हवेत भरून राहिला.

आणि पलीकडचे दिसले. त्यांच्या बाजूला, कुंपणाला अगदी खेटून, एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्यापुढची माती पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झाली होती. काका ओशाळले.

"तुमच्या घरचा आवाज येते ना इकडं," ते म्हणाले. "पोरगी पाढे म्हणते, तुमी दोघं भांडता. तुमच्या कुकरची शिट्टी झाली का मीबी भात टाकतो. एकट्याले वेळ समजत नाई."

ते खुर्ची उचलून व्हरांड्याकडे नेऊ लागले. यजमान इतका वेळ उघड्या खोडांकडे पाहत उभे होते. ते घरात गेले, आमची वेताची खुर्ची बाहेर आणली आणि छाटलेल्या कामिनीच्या अलीकडे, काकांच्या जागेसमोर मांडली.

"खुर्ची इकडंच राहू द्या, काका," ते म्हणाले. "मिस्त्रीला नाही म्हणून कळवतो."