विलासभाऊजींचं घरातलं हापिस

आमचे विलासभाऊजी रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना मला मेसेज करतात. 'काम संपले. निघत आहे. थोड्याच वेळात पोहोचतो.' यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण भाऊजींचं ऑफिस म्हणजे आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेली धान्याची खोली. मधे एक भिंत आणि भिंतीला दार. मी पिठाचे हात पुसून मेसेज उघडेपर्यंत भाऊजी माझ्यासमोर उभे असतात. वर विचारतात, "वहिनी, मेसेज मिळाला का?"

"मिळाला. पण तुम्हीच आधी पोहोचलात."

"चालेल. लेखी असलेलं बरं असतं. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं."

चहा पाहिजे असला तरी लेखीच. 'चहा मिळू शकेल का? घाई नाही.' ताप आला तरी, 'अंग गरम आहे. काळजी नसावी.' एकदा तर मी भाकऱ्या थापत होते आणि फोन वाजला. बघते तर, 'खोलीत नाग आला आहे. दादा मोकळा असल्यास पाठवावे. घाई नाही.' दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, आमचे हे. आमचं गाव नागपंचमीच्या शिराळ्याजवळ, नागाचं आम्हाला कौतुक नाही. पण नाग समोर फणा काढून बसलाय आणि हा बाबा शांतपणे टाइप करतोय! मी जी किंकाळी फोडली तिनंच बहुतेक तो नाग पळाला. भाऊजी बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, एवढं ओरडायची गरज नव्हती. मीटिंग चालू होती."

भाऊजी माझे धाकटे दीर. पुण्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आहेत. कुठला ट्रक कुठं पोचलाय, का थांबलाय, माल कधी उतरणार, हे बघायचं काम. कॉलेज सुटलं तसे पुण्याला गेले. कॉट बेसिसवर राहिले, खानावळीत जेवले आणि सणासुदीला घरी येऊन दुसऱ्या दिवशी परत गेले. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "विचार चालू आहे." आता पन्नाशी आली तरी विचार चालूच आहे. लॉकडाऊनमध्ये कंपनीनं सगळ्यांना घरी धाडलं, तेव्हा एक बॅग, एक लॅपटॉप आणि साबणाची डबी घेऊन आले ते आजपर्यंत इथंच.

तेव्हापासून आमच्या घराला हापिसाची कळा आली. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट-पँट, पट्टा, केसाला तेल असे भाऊजी तयार होतात. बुटांची मात्र पंचाईत होती. आमच्या घरात चपला-बूट उंबऱ्याच्या आत येत नाहीत. आणि बुटाशिवाय भाऊजींना काम सुचत नाही. मग त्यांनी एक नवा जोड आणला, जो कधी मातीला लागलाच नाही. खोलीपर्यंत अनवाणी जायचं, आत गेल्यावर बूट घालायचे. त्या बुटांना ते दर रविवारी पॉलिश करतात. कशासाठी, देव जाणे.

आमच्याकडं लाईटचा काही नेम नाही आणि रेंजचा तर त्याहून नाही. भाऊजींनी त्याचाही बंदोबस्त केला. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणून खोलीत बसवली. रेंज कुठं कुठं येते ते शोधत आठवडाभर फोन वर धरून गावभर फिरले. तेव्हा शेजारच्या नानांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आगं, विलासला काय बाधा-बिधा झालीया का?" शेवटी एका सिमकार्डाची रेंज गोठ्याच्या मागं सापडली आणि दुसऱ्याची कडब्याच्या गंजीवर. एकदा खोलीतली रेंज गेली आणि मोठ्या साहेबांची मीटिंग. भाऊजी लॅपटॉप छातीशी धरून शिडीनं गंजीवर चढले. खालून मला फक्त पट्टा आणि मोजे दिसत होते. वरून आवाज येत होता, "नाही सर, आवाज व्यवस्थित आहे. जरा मोकळ्या जागेत बसलोय."

आमच्या चंद्रीचं म्हणजे म्हशीचं आणि त्या मीटिंगचं काय वैर होतं कळत नाही. भाऊजींनी तोंड उघडलं की ती रेकणार. पहिल्यांदा साहेबांनी विचारलं, "कोण बोलतंय मधे?" भाऊजी म्हणाले, "सर, घरच्याच आहेत." मी इकडं तोंडात पदर कोंबून हसतेय. नंतर आवाज बंद करायचं बटण त्यांच्या असं हातात बसलं, की चंद्रीनं मान वर केली की ह्यांचं बोट तिथं पोचलेलं असायचं.

पण माणूस कामाचा पक्का. कंपनीनं मागं कॉम्प्युटरवरूनच एक प्रशिक्षण ठेवलं, घरून काम करणाऱ्याला काय काय यायला पाहिजे म्हणून. त्यात शिकवायला आमच्या भाऊजींना बसवलं. मी दाराआडून ऐकत होते. म्हणत होते, "काय झालं आणि काय राहिलं, ते कुणी विचारायच्या आत कळवा. अडलं तर लपवून ठेवू नका. समोर साहेब बसलेले नाहीत म्हणून झोप काढू नका. आणि वर शर्ट घालता तशी खाली पँटही घाला, कधी उठायची वेळ येईल सांगता येत नाही." एका पोरीनं विचारलं, "सर, घरातले लोक मधे मधे काम सांगतात, त्यांचं काय करता?" भाऊजी म्हणाले, "आमच्या घरात तो प्रश्नच नाही. आमच्या वहिनी बाहेर पहारा देतात." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पहारा मी देतच होते. गावाकडं माणूस दिवसा घरात दिसला की तो रिकामटेकडाच, असं सगळ्यांचं ठाम मत. नाना तर रोज दारात. "विलास घरातच हाय नव्हं? माजा सातबारा तेवढा कम्पुटरवर बघाय सांग की."

"हापिस चालू हाय त्यांचं. सांजच्याला या."

"आगं, घरात कसलं आलंय हापिस?"

"तुमी जावा बघू आधी!"

संध्याकाळी आले तरी मी आत सोडायची नाही. आमच्या ह्यांनाही मी दटावून ठेवलं होतं. हे म्हणायचे, "विलासला जरा शेतातली मोटार चालू करून यायला सांगू का?" मी डोळे वटारायची. दिवसभर डोकं शिणवतो बिचारा, त्याला कशाला राबवायचं? तुमचं तुम्ही जावा. हे पुटपुटत जायचे.

एवढं सगळं करूनही भाऊजींची एक गोष्ट मला खुपायची. जेवलं की स्वतःचं ताट स्वतः घासायचे. मी हिसकावून घ्यायची, तर म्हणायचे, "राहू द्या, सवय आहे." फ्रीज उघडायचा तर विचारून. साबण वापरला की पुसून परत आपल्या डबीत. बॅग कॉटखाली होती तशीच, कपडे त्यातूनच काढायचे आणि त्यातच ठेवायचे. मी म्हणलं, "भाऊजी, कपाटाचा एक कप्पा रिकामा केलाय तुमच्यासाठी." तर म्हणाले, "असू द्या वहिनी, हाताशी बरं." मला राग यायचा. एवढं करतोय आपण आणि ह्या माणसाचा पाय काही घरात टेकत नाही.

दुपारी ते ट्रकवाल्यांना फोन लावायचे, तेव्हा गाडीचं विचारून झालं की हमखास विचारायचे, "खाना खाया क्या? घर को फोन किया?" एकदा मी म्हणलं, "तुम्हाला हो काय करायचंय त्यांच्या घराचं?" भाऊजी म्हणाले, "गाडी कुठं आहे ते सगळेच विचारतात, वहिनी. त्यांना जेवलास का म्हणणारं कोणीतरी पाहिजे."

आणि मग गेल्या महिन्यात कंपनीचं फर्मान आलं. सगळ्यांनी पुण्याला परत या. ज्यांचं लांबून काम चोख चालतंय, त्यांच्याशी साहेब बोलणार आणि एखाद्या-दुसऱ्याला घरीच राहू देणार. परत ती कॉट, ती खानावळ, ह्या वयात! हे म्हणाले, "आरं, सांग की त्यास्नी, मला न्हाई यायचं म्हणून." भाऊजी मान हलवून म्हणाले, "बघू. कळवतील ते." त्यांच्या मनात काय आहे, काही थांग लागेना.

साहेबांचा फोन आला त्या दिवशी भाऊजींचा इअरफोन बिघडला होता. मी खिडकीखाली अंगणात शेवया वाळत घालत होते. दोघांचंही बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. साहेब तोंडभर कौतुक करत होते. मी मनात म्हणलं, जिंकलो! मग साहेबांनी विचारलं, "घरच्यांचा कामात काही त्रास?"

"अजिबात नाही, सर. मला कुणी काही काम सांगतच नाही."

"मजा आहे तुमची."

भाऊजी म्हणाले, "सर, आमच्या घरात पहाटेपासून आरडाओरडा असतो. वहिनी दादाला ओरडतात, दादा गड्याला ओरडतो. हे आण, ते ठेव, लवकर ये. मी आत बसून ऐकतो. मला हाक कुणीच मारत नाही. पाहुण्याला काम कसं सांगणार? फार जपतात मला. जेवताना वाटतं, किती दिवस आपण ह्यांच्याकडं राहायचं."

माझ्या हातातल्या शेवया हातातच राहिल्या.

साहेब म्हणाले, "तुमचं काम दोन्हीकडून चालेल, विलासराव. तुम्हीच ठरवा. उद्या सकाळी सांगा, म्हणजे इथली जागा तुमच्यासाठी ठेवतो."

"ठेवाच, सर. बहुतेक येईन मी. उद्या नक्की सांगतो."

माझं डोकंच फिरलं. पाहुणा? ह्या घरात जन्मलेला माणूस पाहुणा? आणि मी पहारा देत होते तो काय मग परक्याचा? शेतातून हे आले तसं त्यांच्यासमोर सगळं ओकले. हे डोकं खाजवत म्हणाले, "मग सांग की त्येला काम."

"काय सांगू? इतकी वर्षं सांगितलं न्हाई आन् आता एकदम काय सांगू? तुमी जावा, तुमचा भाऊ हाय."

हे छाती पुढं काढून भाऊजींच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले.

"काय बोलला?"

"पावसाचं बोललो," हे म्हणाले. "औंदा लवकर हाय म्हणत्यात."

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी खोलीत गेले. मी दूध गॅसवर ठेवलं आणि काय बोलावं याची जुळवाजुळव करत उभी राहिले. आत साहेबांचा आवाज सुरू झाला. आता आत शिरावं की नको, अशा विचारात असतानाच नानांनी बांधावरून बोंब ठोकली, "आवं, तुमची म्हस सुटली! माज्या मक्यात शिरली बगा!"

मी पदर खोचून पळाले. पळता पळता खिडकीपाशी आले आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते असं, "भाऊजी! दूध ठेवलंय गॅसवर, बघा! उतू गेलं तर याद राखा!"

ठरवून ओरडले की सवयीनं, मला खरंच सांगता येणार नाही. नवऱ्याला ओरडते तशीच ओरडले. मागं वळूनही बघितलं नाही, कारण चंद्रीनं तोवर मक्याची एक ओळ साफ केली होती.

तिला ओढत आणलं तर खिडकीतून काय दिसावं? खुर्ची रिकामी, आणि कॉम्प्युटरवर साहेब एकटेच, "विलासराव? विलासराव, आहात का?" म्हणतायत. मी स्वयंपाकघरात धावले. भाऊजी सांडशीत पातेलं धरून उभे. निम्मं दूध शेगडीवर, थोडं शर्टावर, आणि चेहरा शाळेतल्या पोरासारखा पडलेला.

"वहिनी, मी आलो तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय! एवढं एक काम सांगितलं तर ते नीट होईना! डोळे कुठं होते? आता उभे काय राहिलाय, फडकं घ्या आणि पुसा ती शेगडी!" माझा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. मग मी आणखी जोरात ओरडले. "आणि तुमचं घर आहे हे, कळलं का? पाहुणे म्हणे!"

खाली मान घालून भाऊजींनी शेगडी पुसली, बर्नर काढून धुतला, ओटा पुसला. डोळे पुसले तेही त्याच फडक्यानं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मग ते खोलीत गेले. साहेब अजून थांबले होते. आजवर साहेबांशी पुस्तकातलं मराठी बोलणारे आमचे भाऊजी दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "न्हाई सर, जमायचं न्हाई मला पुण्याला यायला. हितं माझ्यावाचून लय अडतंय."

मी ओट्यापाशी पातेल्यात उरलेल्या दुधाकडं बघत उभी होते. तेवढ्याचाच चहा ठेवला, आमच्या तिघांचा.