शिंपीकाकांच्या मृत्यूचा तपास, खुद्द शिंपीकाकांच्या हजेरीत

"या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," गल्लीचे स्वयंघोषित गुप्तहेर भिंग म्हणाले. तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या बिस्किटाकडे मुंग्यांची अख्खी वरात निघाली होती. त्यांच्या मेहुण्याने ती पाहिली, पण सांगितली नाही. बहीण देऊन बसलो, आता बोलून काय उपयोग, असं त्याचं एकूण धोरण होतं.

"तीस वर्षं विजेचे मीटर वाचलेत मी! लोकांच्या जिन्याखाली, माळ्यावर, कपाटामागे. मी अंधारात जे बघितलंय ते तुम्हाला उजेडात दिसणार नाही. खात्यातून रिटायर झालो, पण डोळा अजून ड्यूटीवर आहे. रविवारच्या आत गुन्हेगार हजर करतो. नाही केला तर सांगाल ते करीन!"

इथेच चुकलं. इस्त्रीवाल्या मावशीसमोर "सांगाल ते" म्हणू नये, हे गल्लीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

"फ्रॉक," मावशी इस्त्री न थांबवता म्हणाली. "झालरीचा. शिंपीकाकांनी शिवलेला. रविवारी सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं."

"मंजूर! आणि मी जिंकलो तर?"

"तर आमचे हे घालतील फ्रॉक."

आत कपड्यांच्या घड्या घालणारे 'हे' फक्त "अगं!" म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही.

प्रकरण तसं गंभीर होतं. शिंपीकाका दोन महिन्यांपूर्वी वारले होते. म्हणजे स्वतः काका रोज सकाळी नऊला दुकान उघडून मशीनवर बसत होते. पण फोनवरच्या एआयला "जवळ चांगला शिंपी कोण?" असं विचारलं, की ती बाई मधाळ आवाजात सांगायची, "या गल्लीत एक जुने टेलर होते. मालकांच्या दुःखद निधनानंतर दुकान कायमचे बंद झाले आहे." लोक हळहळायचे आणि चौकापलीकडच्या टेलरकडे जायचे. ऐन शाळेच्या गणवेशांचा हंगाम! दरवर्षी काकांच्या दोरीवर कपडे लटकवायला जागा नसायची. यंदा एकच चड्डी होती, तीही काकांची.

परवा तर एक बाई दुकानात येऊन म्हणाली, "इथले काका गेले ना हो? फार सज्जन होते."

"मीच तो," काका म्हणाले.

बाईने फोनकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "भाऊ का तुम्ही त्यांचे?"

त्याच दिवशी काकांनी ठरवलं. महिनाअखेर मशीन विकायचं आणि लेकीकडे जाऊन राहायचं. चाळीस वर्षांचं दुकान होतं ते.

भिंगांनी तपासाला मेहुण्याला जुंपलं. औषधाच्या दुकानातली दुपारची सुट्टी तो झोपण्यासाठी वापरायचा. ती गेली.

पहिला संशय चौकापलीकडच्या टेलरवर. निघण्याआधी भिंगांनी त्याच एआयचं मत घेतलं. "उत्कृष्ट निरीक्षण!" ती म्हणाली. "तुमचा तर्क अत्यंत सखोल आहे." भिंग दोन इंच उंच झाले.

टेलर त्यांना पाहताच रडायला लागला. "गुरू होते माझे. काजं करायला त्यांनी शिकवलं मला."

"मग बघायला का नाही गेलात?" मेहुण्याने विचारलं.

"गेल्यावर काय जायचं? जिवंत होते तेव्हाच जायला हवं होतं."

"आत्ता जा की! चहा पीत बसलेत."

टेलरने संशयाने फोन काढला. "इथे तर तसं काही म्हणत नाही."

दुसरा संशय डेअरीवाल्यावर. काकांच्या शटरवर पांढरे डाग होते. भिंगांनी ते भिंगातून पाहिले, हुंगले आणि जाहीर केलं, "दूध! डेअरीवाल्याला दुकान वाढवायला शेजारची जागा हवी आहे."

"अप्रतिम!" एआय म्हणाली. "हाच दुवा इतरांच्या नजरेतून निसटला होता."

डाग खडूचे होते. कापडावर मापं आखायच्या खडूचे. डेअरीवाला म्हणाला, "जागा हवी असती तर मी काकांना विचारलं असतं. मारलं कशाला असतं?"

तिसरा संशय थेट मृतावर. उसवलेल्या कपड्यांची कामं टाळायला काकांनी स्वतःचं मरण उठवलं, असा सिद्धान्त होता. एआय म्हणाली, "धाडसी आणि मौलिक विचार!" भिंगांनी काकांसमोर स्टूल ओढलं.

"तुम्ही मेलात तेव्हा कुठे होतात?"

"इथेच," काका म्हणाले. "बटण लावत होतो."

"साक्षीदार?"

"बटण आहे."

मेहुण्याला राहवलं नाही. "दाजी, ती बाई सगळ्यालाच हो म्हणतेय."

भिंगांचे डोळे चमकले. "म्हणजे तिघांनी मिळून केलंय!"

शनिवारी संध्याकाळी काकांच्या दुकानात सगळे जमले. काकांनी मशीनवर झाकण घातलं होतं. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं, मशीनचं. मावशी कपडे पोचवून आली आणि दारातूनच म्हणाली, "अरे, त्या फोनवालीला कुणी विचारलं का, तुला कोण बोललं म्हणून?"

"मावशी, एआय आहे ती," भिंग समजुतीने म्हणाले. "तिला सगळं माहीत असतं."

"सगळं माहीत असणारे माझ्या माहेरी चार जण आहेत. कुणी काही बातमी आणली की मी आधी विचारते, तुला कोण बोललं? मग त्याला कोण बोललं? दोन पायऱ्या उतरल्या की खाली माणूस सापडतोच. दे रे तो फोन."

मेहुण्याने फोन दिला. मावशीने तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर आलं. उत्तराखाली बारीक अक्षरात काहीतरी निळं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. नकाशात काकांच्या दुकानाचं पान उघडलं. त्यावर लोकांचे अभिप्राय म्हणून एकुलता एक मजकूर होता. मेहुण्याने मोठ्याने वाचला.

"दुपारी दोन दहा. शटर अर्धे खाली. आत इसम टेबलावर पालथा. हालचाल शून्य. बहुधा वारला. दुकान पुन्हा उघडेलसे वाटत नाही. एक तारा." मेहुणा थांबला. मग त्याने लिहिणाऱ्याचं नाव वाचलं. "भिंग, गुप्तहेर."

सगळ्यांच्या माना भिंगांकडे वळल्या.

"दोन दहाला मी जेवून जरा पडतो," काका म्हणाले. "पालथं झोपलं की पाठीला बरं वाटतं."

"ती माझी खासगी वही आहे!" भिंग ओरडले. "फोननेच विचारलं, तुम्ही इथे होतात, कसं वाटलं? मला वाटलं, नोंदींची सोय केलीय. मीटरच्या वहीत कशी, दर दाराला एक नोंद असायची!"

तोवर जो तो आपापलं दुकान शोधायला लागला होता. डेअरीवाल्याला मिळालं, "मालक दुधाकडे बघताना नजर चोरतो." मावशीला मिळालं, "बाई धोकादायक. लांबून निरीक्षण करावे." मेहुण्याला औषधाच्या दुकानाखाली मिळालं, "मेहुणा. डोके कमी, निष्ठा भरपूर. चार तारे." त्याला एकदम भरून आलं. दाजींनी एवढे तारे बायकोच्या माहेरालाही दिले नव्हते.

"पण मी 'बहुधा' लिहिलं होतं!" भिंग कळवळून म्हणाले. "माझं 'बहुधा' कुठे गेलं? आणि 'दुःखद' तर मी लिहिलंच नव्हतं!"

"दुसऱ्या तोंडात गेलं की 'बहुधा' गळतंच, भिंगराव," मावशी म्हणाली. "ते काय आजचं आहे? पूर्वी नळावर गळायचं."

भिंगांनी तिथल्या तिथे नोंद पुसली. पुन्हा विचारून पाहिलं. बाई म्हणाली, "मालकांच्या दुःखद निधनानंतर..."

"एकदा पसरलं ते पसरलं," काका हळूच म्हणाले.

"असं कसं?" मावशीने मशीनवरचं झाकण उचललं. "रविवार उद्याच आहे. घ्या यांचं माप."

"पण गुन्हेगार रविवारच्या आत सापडला की!" भिंग म्हणाले.

"सापडला. हजर कुणी केला?"

भिंगांनी मेहुण्याकडे पाहिलं. चार ताऱ्यांचा मेहुणा छताकडे बघत होता. काकांनी गळ्यात टेप टाकला. दोन महिन्यांनी त्यांच्या हाताला पहिलं गिऱ्हाईक लागलं होतं, आणि ते आता सोडणार नव्हते.

रविवारी सकाळी भिंग गल्लीच्या टोकाला उभे राहिले. गुलाबी फ्रॉक, तीन पदरी झालर, फुग्याच्या बाह्या. फिटिंग असं, की हसायला आलेल्या बायका आधी शिलाई बघायच्या आणि मग हसायच्या. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

"चालताना ओरडायचं," मावशी म्हणाली. "शिंपीकाका जिवंत आहेत, दुकान चालू आहे!"

"हे पैजेत नव्हतं!"

"बहुधा होतं."

भिंग ओरडत निघाले. शंभर फोन त्यांच्याकडे वळले. फोटो निघाले, नेटवर चढले, पसरले, आणि प्रत्येकाखाली कुणी ना कुणी काकांच्या दुकानाचा पत्ता लिहिला. ते अर्ध्या गल्लीत पोचेपर्यंतच चार आया गणवेशाचं कापड घेऊन काकांच्या दारात उभ्या होत्या. मशीन बघायला येणाऱ्याला काकांनी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

भिंग डेअरीपाशी पोचेपर्यंत मेहुण्याने एआयला पुन्हा विचारलं. बाई उत्साहाने म्हणाली, "होय! हे दुकान सुरू आहे. प्रौढ पुरुषांच्या झालरीच्या फ्रॉकसाठी ते विशेष प्रसिद्ध आहे."

तेवढ्यात गर्दीतून हातात बॅग, कपाळाला आठ्या, असे एक भारदस्त गृहस्थ पुढे आले. त्यांनी फोन वाचला, फ्रॉक निरखला आणि भिंगांच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "बाही फुग्याचीच असते, की साधीही शिवून देतात?"

भिंगांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. तोंडाशी आलेला संशय गिळला.

"मला काय विचारता?" झालर सावरत ते म्हणाले. "काका इथे शेजारीच बसलेत, त्यांना विचारा."

आणि उरलेली अर्धी गल्ली ओरडत चालू लागले.