म्हेत्र्यांची चाल

सिद्राम म्हेत्र्यांची चाल तीन महिने कॉलेजात शिकायला होती आणि माणूस घरी होता. खरं तर एवढ्यावर भागायला हवं, पण भागत नाही. लग्नात, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत कुणीतरी गाठतंच आणि म्हणतं, "मामा, ते चालीचं एकदा सांगा की." सिद्राम वैतागतात. "धा वेळा सांगून झालंय. कानात बोळे घालून ऐकता काय?" असं म्हणतात, आणि मग सांगतात.

म्हेत्रे इचलकरंजीचे. शाळा चौथीपर्यंत, तीही नापास. पुढची बेचाळीस वर्षं यंत्रमागावर. नात स्नेहल कोल्हापूरला एका कॉलेजात अ‍ॅनिमेशन आणि गेम डिझाईन शिकायची. कॉलेजची पायरी चढलेली घरातली ती पहिलीच. शेवटच्या वर्षाला तिला चित्रातला एक म्हातारा चालवून दाखवायचा होता, आणि त्याला खरी चाल लागते. तिनं आबांना प्रयोगशाळेत नेलं, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा काळा ड्रेस चढवला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. चाल संगणकात उतरली. नीट उतरली, म्हणजे सगळीच उतरली. ड्रेस काढल्यावर सिद्राम उभे राहू शकत होते, बसू शकत होते. चालायला मात्र त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं.

कारकुनानं रजिस्टर उघडलं. "चाल परीक्षेपर्यंत जमा राहील. रोज हजेरी लागेल तिची. तोवर लायब्ररीतली एक देतो. इथं अंगठा."

"सही येती मला," सिद्राम म्हणाले.

लायब्ररीतली चाल पंचविशीतल्या कुणाची तरी होती, उसळती. तिच्यातली गोम दुसऱ्या दिवशी कळली. चहाला म्हणून निघालेले सिद्राम अर्धा तास चालले आणि उंबऱ्यातच होते.

"आबा, ती जागच्या जागी चालायची चाल आहे," स्नेहल म्हणाली. "आमच्यात माणूस पुढं जात नाही. मागचं चित्र सरकवायचं असतं."

"मग सरकव."

गल्ली काही सरकली नाही. पण रज्जाकचा चहाचा गाडा चाकांवर होता, म्हणून सोय झाली. रोज सात वाजता सिद्राम उंबऱ्यात चालायला लागायचे आणि रज्जाक गाडा ढकलत त्यांच्यापर्यंत आणायचा. "मामा, आज लवकर पोचलासा," म्हणायचा.

हौसाबाईंची अडचण वेगळी होती. नवरा गल्लीच्या तोंडाशी आला की पावलावरनं ओळखून त्या तव्यावर भाकरी टाकायच्या. आता पाऊल वाजायचं ते परक्याचं. "कुणाचा तरी पोरगा दारात चालतोय असं वाटतं," त्या म्हणाल्या. "सारखा पदर सावरायला लागतो. आणि भाकरी कवा टाकायची, तेच कळंना."

एप्रिलात स्नेहल कॉलेजातून आली ती तोंड पाडूनच. विभागप्रमुखांनी चाल नाकारली होती. दर चौथ्या पावलाला मान झटक्यानं वळते आणि खांदा आधी पुढं जातो, हा फाईलमधला दोष आहे. पुस्तकात अशी चाल नाही. दुरुस्त करा, नाहीतर नापास.

"मग कर की दुरुस्त."

"केली तर तुम्हाला परत मिळेल ती दुरुस्त केलेलीच, आबा. जुनी नाही."

सिद्रामनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "रिक्षा बोलीव."

कॉलेजच्या दारापासून केबिनपर्यंत त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. विभागप्रमुखांनी बसा म्हटलं नाही, कारण सिद्राम बसलेलेच होते.

"साहेब, एक माग चार पावलं लांब असतो," सिद्राम म्हणाले. "चौथ्या पावलाला मान वळवून धागा बघायचा. आणि दोन मागांतला बोळ एवढा अरुंद, की खांदा आडवा घातल्याबिगर माणूस जात न्हाई. दोष कसला त्यात?"

"याला संदर्भ काय?"

"म्हंजे?"

"हे कुठं लिहिलंय?"

"लिहिण्यातला असतो तर मागावर कशाला गेलो असतो?"

"हे पाहा," विभागप्रमुख म्हणाले, "चौथी नापास माणसाकडून चालण्याचं शिक्षण घ्यायची वेळ या विभागावर आलेली नाही."

स्नेहलनं चालीला हात लावला नाही. तिनं आठवडाभर बसून म्हाताऱ्याच्या मागं चार माग काढले, एकेक उभा धागा वेगळा.

परीक्षेला पुण्याहून बाहेरच्या परीक्षक म्हणून मोघेबाई आल्या होत्या. सिद्राम मागं खुर्चीत. पडद्यावर म्हातारा निघाला. पहिल्या मागाशी मान वळली. दुसऱ्याशी वळली. तिसऱ्याशी वळली आणि म्हातारा थांबला.

"अडकली फाईल," विभागप्रमुख म्हणाले. "मी सांगितलं होतं."

"मी थांबवलेलं नाही, सर," स्नेहलचा आवाज बारीक झाला.

"धागा तुटलाय," मागनं सिद्राम म्हणाले. "आता त्यो पुढं जात नसतो."

मोघेबाईंनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं आणि चष्मा वर करून तिसऱ्या मागावरच्या धाग्यांच्या रेघा मोजल्या. दोन हजार चारशे हव्या होत्या. एक कमी होती, काढायची राहून गेलेली. स्नेहलनं ती तिथल्या तिथं काढली. म्हातारा पुढं निघाला.

स्नेहल विभागात पहिली आली. चालीची हजेरी पूर्ण भरल्यामुळं तिलाही वेगळी गुणपत्रिका मिळाली: 'म्हेत्रे, चाल. प्रथम श्रेणी.' दोन्ही कागद एकाच खिळ्याला टांगलेत. येणाऱ्याला सिद्राम आधी नातीचा दाखवतात, मग चालीचा. आपण अजून चौथी नापासच आहोत, हेही सांगतात.

लायब्ररीतली चाल जमा करून सिद्राम स्टँडवरून घरी चालत आले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला.

आता दर जूनला कॉलेज त्यांना बोलावतं, नव्या पोरापोरींना चाल बघायची असते. बाकी चालीची काही तक्रार नाही. फक्त एका केबिनपुढं ती थांबते, मान वळते आणि पाऊल पुढं पडत नाही. दोन माणसांनी खुर्ची आणून सिद्रामना तेवढं दार ओलांडून द्यावं लागतं. तिथला धागा तुटलेला आहे, तो अजून जोडलेला नाही. दारावर पितळी पाटी आहे: प्रा. शार्दूल कवठेकर, विभागप्रमुख.