सावंतकाकांचं लाटणं

आमच्या कोलशेतच्या सोसायटीत सावंतकाका लाटणं घेऊन फिरतात. कुठून आवाज आला की लाटण्याचं एक टोक त्या वस्तूला लावायचं, दुसरं दातात धरायचं आणि डोळे मिटायचे. माझा फ्रिज, लिफ्टचं दार, पाण्याचा पंप, काही सुटलेलं नाही. मग निकाल लागतो, "बेअरिंग गेलं!" सेक्रेटरींनी नवीकोरी गाडी शोरूममधून आणली त्याच दिवशी त्यांना हा निकाल मिळाला. ते अजून काकांशी बोलत नाहीत.

काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचे, असं ते स्वतःच सांगतात, आणि वरचेवर सांगतात. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. यांनी कल्याणच्या भंगारवाल्याकडून एक म्हातारी मोटरसायकल टेम्पोत घालून आणली. रंग, सीट, दिवा, सगळं झालं, पण गिअरबॉक्समधून असा घर्रर्र आवाज यायचा की तळमजल्यावरची तान्ही बाळं दचकून उठायची. काकींनी जाहीर केलं, "त्या गिरणीवर मी बसायची नाय." आणि काकांना तर पहिली फेरी काकींनाच मारून आणायची होती.

झालं! पार्किंगमध्ये रोज तपासणी. "क्लच दाबला की गप्प. म्हणजे इंजिन निर्दोष. आरोपी गिअरबॉक्समध्ये लपलाय." गिअरबॉक्स उघडला, बेअरिंग बदललं, बंद केला. घर्रर्र. पुन्हा उघडला. इकडे चपात्यांना ऑइलचा वास यायला लागला. काकींनी नवं लाटणं आणलं, तेही पार्किंगमध्ये पोचलं.

एकदा काका गाडी बंद करून नट पिळत बसले होते आणि त्यांच्या शर्टाचं टोक तापलेल्या सायलेन्सरवर धुमसायला लागलं. मी मागून बोंबललो. वॉचमन ओरडला. वरच्या खिडक्या उघडल्या. काका ढिम्म. शेवटी काकींनी धावत येऊन त्यांना दंड धरून ओढलं.

नंतर जिन्यात काकींनी मला थांबवलं. "ह्यांना ऐकू येत नाय रे. दातातून येतं तेवढंच. कानाचं मशीन आणू म्हटलं की भडकतात. म्हणतात, सावंताचा कान गेला असं लोक बोलतील. तू कोणाला सांगू नको हां."

हाक मारली तरी बघत नाहीत म्हणून आम्ही सगळे त्यांना शिष्ट समजत होतो. मला फार वाईट वाटलं. आता हा आवाज सापडला नाही, तर आपला कान खरंच गेला असं काका स्वतःच धरून बसतील, ही धास्ती मलाही लागली.

आणि एका रविवारी काका पार्किंगमध्येच नाचले. "टॉप गिअरमध्ये गप्प, खालच्या सगळ्या गिअरना बोंब! अरे, खालच्या शाफ्टचा बुश झिजलाय!"

बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती पितळी कडी, बदलला. किक मारली. एकेक गिअर टाकून बघितला. काकांनी लाटणं लावून डोळे मिटले, मग उघडून हळूच माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही अंगठे वर केले. काकी साडी सावरून मागे बसल्या आणि दोघं खाडीपर्यंत जाऊन आली.

संध्याकाळी मी त्यांचा पाना परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. काकी खुर्चीत बसून काहीतरी जुनं गुणगुणत होत्या. लाटण्याचं एक टोक त्यांच्या गळ्याखालच्या हाडाला टेकलेलं, दुसरं काकांच्या दातात. काकांचे डोळे मिटलेले.

गाणं संपलं तसं काकांनी लाटणं तोंडातून काढलं. "सूर वर गेला की जरा घरघर येते."

काकींनी डोळे वटारले.

"असू दे," काका घाईघाईने म्हणाले. "हा आवाज घालवायचा नाय. परत म्हण."

आणि त्यांनी लाटणं पुन्हा दातात धरलं.