अर्थिंगला पाणी

दत्तूभाऊ कुणाच्याही घरी गेले की पुढच्या दाराने आत शिरत नाहीत. आधी मागीलदारी जातात, अर्थिंगचा खड्डा शोधतात, त्यात बादलीभर पाणी ओततात आणि मग पुढे येऊन 'कसं काय?' विचारतात. पाणी त्या घरचं, बादलीही त्या घरची. आमच्याकडे ते मे महिन्यात दर रविवारी येतात. नळाला पाणी आलं नसेल त्या रविवारी तर हमखास येतात.

"माझी अबोली वाळली तरी चालेल, ह्यांचा खड्डा ओला हवा," असं माझी बायको म्हणते आणि त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवते.

दत्तूभाऊ वीजखात्यातले निवृत्त लाइनमन. रत्नागिरीत आमच्या शेजारी एकटेच राहतात. त्यांचा हट्ट विचित्र असला तरी शास्त्राला धरून आहे. आमची घरं जांभ्याच्या कातळावर. फ्रीजच्या, गिझरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती तारेवाटे जमिनीत जावी म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाइप पुरतात. पण उन्हाळ्यात कातळ ठणठणीत कोरडा होतो आणि वीज घेत नाही. मग ती दुसरा कुणी घेणारा शोधते, आणि तो बहुधा ओल्या हाताचा माणूस असतो. "साठलं की त्याला वाट पायजे," हे दत्तूभाऊंचं ब्रीद. ते विजेला लावतात, तुंबलेल्या गटाराला लावतात. समोरच्या वहिनींनी महिनाभर नवऱ्याशी अबोला धरला होता, तेव्हा त्यांनाही त्यांनी ते तोंडावर ऐकवलं होतं.

त्यांच्या खांद्याला कायम एक पिशवी असते. तिच्यात टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी आणि एक नेलकटर. "याने वायर सोलता का?" मी एकदा विचारलं.

"नाय," म्हणाले, आणि पिशवीची चेन लावून टाकली.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एका संध्याकाळी गच्चीवर मी बायकोला अंतराळ स्थानकाचा सरकता ठिपका दाखवत होतो. खड्ड्याचं काम उरकून दत्तूभाऊ वर आले आणि त्यांनीही तो पाहिला.

"आत माणसं ऱ्हातात?"

"राहतात."

"लाईट?"

"सोलर."

"मग त्याची अर्थिंग कुठाय?"

मी मोठ्याने हसलो. घरात येऊन पुस्तकं उघडली तेव्हा ते हसू जिरलं. बावीस वर्षं शिकवून मला जो प्रश्न पडला नाही, तो या माणसाला चहा येण्याआधी पडला होता. तिथे वर विद्युतभारित कणांचा विरळ वायू असतो. मोठाल्या सोलर पॅनेलांमुळे स्थानकाच्या धातूच्या अंगावर भार साठतो, आणि खाली पाइप पुरायला माती नसते. ठिणगी उडण्याची भीती असते. म्हणून झेनॉन वायूच्या मदतीने तो भार बाहेर सोडणारी यंत्रं बसवलेली असतात.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं सांगितलं. दत्तूभाऊंनी मान डोलवली.

"आणि दुरुस्तीला बाहेर जानारा माणूस? त्याला घाम येत असंल."

तिथल्या शास्त्रज्ञांनाही नेमकी हीच काळजी. आतून घामाने ओला पोशाख आणि त्याला धातूची कडी. "म्हणून दोन यंत्रं असतात," मी म्हणालो. "एक बंद पडलं तर दुसरं."

"चालू हायत का ते बघनारा कोण?"

"असेल कुणीतरी."

"कुणीतरी म्हंजे? नाव काय त्याचं?"

मला नाव माहीत नव्हतं. ते माझ्यावर इतके नाराज झाले की अर्धा चहा टाकून गेले.

तेव्हापासून अंतराळवीर कधी बाहेर पडणार, ही बातमी मी त्यांना द्यायची असं ठरूनच गेलं, कारण त्यांचा मोबाईल बटणांचा. त्या दिवशी ते संध्याकाळपासून जेवत नाहीत. एकदा बायकोने गरम घावणे पाठवले तर झाकून ठेवले. "आत येऊदेत, मग खातो." गल्लीत याला दत्तूभाऊंची एकादशी म्हणतात. मीच ते नाव पाडलं.

दर पंधरा दिवसांनी ते एसटीने जयगडला जातात. तिथल्या खड्ड्यांची व्यवस्था बघत असतील, अशी माझी समजूत होती. मागच्या महिन्यात जयगडची फेरी आणि दोन अंतराळवीरांचं बाहेर पडणं एकाच दिवशी आलं. "सर, तुम्ही चला. तुमच्या मोबाईलवर दिसतं," ते म्हणाले. मी गेलो.

जयगडला येसू नावाचा त्यांचा जुना जोडीदार राहतो. तोही लाइनमन होता. तो ओटीवर बसला होता. त्याचा डावा हात कोपरापासून खाली नाही. दत्तूभाऊ मागीलदारी गेले नाहीत. ते थेट त्याच्यासमोर बसले, पिशवीतून नेलकटर काढला आणि त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन नखं कापू लागले.

"मी कापते म्हटलं तर दोघंबी रुसतात," येसूची बायको आतून म्हणाली.

माझी नजर कुठे जातेय हे येसूने ओळखलं. "मी खांबावर व्हतो, हा खाली," तो म्हणाला. "लाईन बंद केलेली. तरी तारेला अर्थिंगची साखळी लावायची असते, ती ऱ्हायली. कुनाच्या तरी जनरेटरची वीज उलटी लाईनवर आली. जेवायची येळ झालेली ना, भूक लागलेली मला. मीच चढलो घाईनं."

"नाय सर," दत्तूभाऊ नखावरून नजर न काढता म्हणाले. "साखळी माझ्या हातात व्हती. भूक मला लागलेली."

"मला."

"गप ऱ्हा. बोट हलवू नको."

हे भांडण दर पंधरा दिवसांनी होत असणार. मी पाडलेल्या त्या 'एकादशी' नावाची मला फार लाज वाटली.

तेवढ्यात मोबाईलवर स्थानकाचं दार उघडलेलं दिसलं. "बाहेर पडले," मी म्हणालो.

"दोन्ही यंत्रं चालू हायत?" हे येसूने विचारलं.

"असणार."

दत्तूभाऊंनी करंगळीचं नख कापून हात सोडला. "किती येळ लागंल?"

"सहा-साडेसहा तास."

रात्री आम्ही तिथेच राहणार होतो. येसूच्या बायकोने तीन ताटं वाढून आणली, सोबत दोन रिकामीही ठेवली. तळलेल्या बांगड्याचा वास ओटीभर झाला. दत्तूभाऊंनी त्यांच्या ताटावर रिकामं ताट पालथं घातलं. येसूनेही एका हाताने तसंच केलं. माझ्या उपाशी राहण्याने वर कुणाचंही काही भलं होणार नव्हतं, हे मला फिजिक्सवाल्याला पक्कं ठाऊक होतं. मला सडकून भूक लागली होती. मी वहिनींकडे आणखी एक ताट मागितलं आणि माझंही जेवण झाकून ठेवलं.