एकविसाव्या टप्प्याची खरेदी

मोबाइलवरचा कोड्यांचा एक खेळ विकत घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता सेवानिवृत्त खरेदी अधीक्षकांसमोर विचारार्थ आला. खेळाची किंमत तीन कप चहाएवढी होती. ती एकदाच भरायची होती आणि त्या बदल्यात एकविसाव्या टप्प्यापासून पुढचे दोनशे ऐंशी टप्पे कायमचे उघडणार होते. पहिले वीस टप्पे फुकट होते, आणि ते अधीक्षकांच्या पत्नीने आदल्या दिवशीच संपवले होते.

पत्नीला सगळी गल्ली टेलरबाई म्हणून ओळखायची. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. बोलणं, चालणं, नवऱ्याच्या चुका काढणं सगळं शाबूत राहिलं, फक्त उजवा हात ऐकेना. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने अधीक्षकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काका, पहिले तीन महिने महत्त्वाचे. या दिवसांत हात पटकन शिकतो. नंतर एकेका गोष्टीसाठी फार झगडावं लागतं."

तिनेच हा खेळ फोनमध्ये घालून दिला. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम टेलरबाई दहा मिनिटांत कंटाळून सोडत, या खेळात मात्र त्यांचा तास कसा जाई ते कळत नसे. पहिल्या वीस टप्प्यांत रंगीत फरशा बोटाने सरकवायच्या होत्या. एकविसाव्यापासून त्याच फरशा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून फिरवायच्या होत्या. टेलरबाईंना फिरवायचंच शिकायचं होतं, कारण शिवणयंत्राचं चाक फिरवावं लागतं आणि शिवणयंत्र बंद असलेलं त्यांना बघवत नव्हतं.

"अहो, तेवढा अंगठा लावा ना," त्या म्हणाल्या. फोन अधीक्षकांचा होता आणि पैसे त्यांच्या अंगठ्याच्या ठशाशिवाय जात नसत.

अधीक्षकांनी चष्मा लावून पडद्यावरचा मजकूर वाचला. 'एकदाच पैसे भरा. जाहिराती नाहीत. पुन्हा काही मागणार नाही.' एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीची खरेदी सांभाळली होती आणि एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही फाइलवर कुणी बोट ठेवू शकलं नव्हतं. याचं मुख्य कारण म्हणजे त्यातल्या बहुतेक फाइलींत शेवटी काहीच खरेदी झालं नव्हतं. पुन्हा काही मागणार नाही असं लिहून देणारा पुरवठादार त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिला, आणि त्यांना संशय आला.

"घेऊ की," ते म्हणाले. "नाही कोण म्हणतंय? पण रीतसर घेऊ."

त्यांनी कपाटातून एक कोरी फाइल काढली. पहिल्या पानावर 'प्रथमदर्शनी अभिप्राय' असं लिहून खाली रेघ मारली आणि पत्नीकडे पाहिलं.

"मला आवडला," टेलरबाई म्हणाल्या. "लिहा."

"तुझं मत धरता येत नाही. तू लाभार्थी आहेस. तुझे यात हितसंबंध आहेत."

"हात माझा आहे म्हणून?"

"त्याच कारणाने," अधीक्षक शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी परगावी असलेल्या मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला दाखवला तेव्हा मी हॉस्पिटलातच होते. छान आहे. मी भरते पैसे, तुम्ही फक्त घ्या." यावर अधीक्षकांनी दोन नोंदी केल्या. मुलीने खेळ आधीच पाहिलेला असल्यामुळे तिचं मत हे प्रथमदर्शनी मत राहिलेलं नाही, ते द्वितीयदर्शनी झालेलं आहे. शिवाय तिने पैसे देऊ केल्यामुळे दबाव आणण्याचा प्रयत्न झालेला आहे. मुलीने फोन ठेवला की तो आपोआप कट झाला, याची नोंद मात्र त्यांनी केली नाही.

आता ज्याने खेळ कधीच पाहिलेला नाही असा माणूस हवा होता. टेलरबाईंचा भाऊ गुरुवारी भेटायला आला, त्याला अधीक्षकांनी दारातच गाठलं, ताईला भेटू न देता पुढच्या खोलीत बसवलं आणि फोन हातात दिला. मेहुण्याने तीन तासांत वीसच्या वीस टप्पे पार केले. मधे त्याला दिलेला चहा निवला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"भावोजी, उघडा की पुढचं," तो म्हणाला. "तीन चहांचे तर पैसे आहेत."

"तुम्हाला आवडला?"

"आवडला म्हणजे काय, सोडवत नाहीये."

अधीक्षकांनी खेदाने मान हलवली आणि मेहुण्याचं नाव खोडलं. ज्याला वस्तू आवडली तो तिच्याविषयी निःपक्षपाती कसा राहणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. ज्याला आवडली नाही त्याचं मत घ्यावं, तर ती घ्यायचीच कशाला, हाही बिनतोड होता. शेवटी ही जबाबदारी त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली. आनंद न घेता खेळ खेळण्याची क्षमता असलेला घरात दुसरा माणूस नव्हता.

रोज सकाळी अर्धा तास ते ताठ बसून फरशा सरकवत आणि मधेच बरं वाटू लागलं की फोन उपडा ठेवत. बाराव्या टप्प्यावर त्यांना एकदा हसू आलं, तेव्हा त्या दिवसाचा अभिप्राय त्यांनी रद्द केला. यात तीन आठवडे गेले. तोवर टेलरबाई उरलेल्या वेळात तेच वीस टप्पे पुन्हा पुन्हा खेळत राहिल्या. सरकवण्यात त्यांचा हात इतका तयार झाला की जेवणाच्या टेबलावरचं मीठ त्या एका बोटाने थेट नवऱ्याच्या ताटापर्यंत पोचवू लागल्या. बरणीचं झाकण मात्र त्यांना उघडता येत नव्हतं.

पुढचा मुद्दा मोबदल्याचा होता. अधीक्षकांनी किमतीला खेळाच्या एकूण तासांनी भागलं. टेलरबाईंच्या सध्याच्या वेगाने एका टप्प्याला चाळीस मिनिटं लागणार होती, म्हणजे खेळ बराच स्वस्त पडत होता. पण त्यांच्या अनुभवी नजरेला त्यातली मेख लगेच दिसली.

"हे बघ," ते पत्नीला समजावू लागले, "हात सुधारला की तू भरभर खेळणार. भरभर खेळलीस की खेळ लवकर संपणार. म्हणजे तासाचा दर वाढला. तू जितकी सावकाश बरी होशील तितका तो आपल्याला परवडेल."

"आणि बरी झालेच नाही तर?"

"तर मग फारच किफायतशीर आहे," अधीक्षक म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते वाक्य त्यांनी फाइलमध्ये लिहिलं नाही. त्यांचं पत्नीवर प्रेम होतं, यात शंका नको. तिचं आजारपण सुरू झाल्यापासून ते रात्री नीट झोपले नव्हते. फक्त ते प्रेम योग्य त्या मार्गाने सादर व्हावं असं त्यांना वाटायचं.

तीन पर्यायी खेळांशी तुलना केल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नव्हती. अधीक्षकांनी तीन फुकट खेळ उतरवून घेतले. त्यांत दर चौथ्या चालीला जाहिरात येई आणि ती घालवायला कोपऱ्यातली तांदळाएवढी फुली दाबावी लागे. टेलरबाईंचं बोट फुलीवर न पडता जाहिरातीवर पडे. आठवड्याभरात त्यांच्या हातून केस वाढवण्याच्या तेलाची वर्गणी भरली गेली, एका परदेशी भाषेचा वर्ग लागला आणि घरी व्यायामाची सायकल आली. या सगळ्यांना मात्र अंगठ्याची गरज पडली नाही. फुकट खेळांवर झालेला खर्च मूळ खेळाच्या चारशेपट होता. तो अधीक्षकांनी 'अनुषंगिक' या सदरात टाकला आणि तिन्ही खेळांची किंमत फाइलवर शून्य अशीच लिहिली.

फिजिओथेरपिस्ट मुलगी दुसऱ्या महिन्याच्या शेवटी घरी तपासायला आली, तेव्हा तिला बसायला सायकलच मिळाली.

"काका, फिरवायचे टप्पे सुरू केले ना?"

"अहवाल अंतिम टप्प्यात आहे."

"आणि काकूंचा हात?"

"तोही," टेलरबाई आतून म्हणाल्या.

अहवाल पूर्ण झाला तो मात्र उत्तम होता. अकरा पानांत खेळाच्या रंगांपासून आवाजांपर्यंत एकही गोष्ट सुटली नव्हती. निष्कर्ष एका ओळीचा होता: 'खेळ उत्कृष्ट असून किंमत वाजवी आहे, तथापि भाव उतरेपर्यंत थांबणे हिताचे.' इतकं चांगलं काम नुसतं कपाटात राहू नये म्हणून अधीक्षकांनी त्याचा गोषवारा खेळाच्या पानावर, जिथे लोक अभिप्राय लिहितात तिथे टाकला. त्याखाली 'हा अभिप्राय तुम्हाला उपयुक्त वाटला का?' असं एक बटण होतं. पहिल्या दिवशी नव्वद लोकांनी ते दाबलं. पंधरवड्यात आकडा चाळीस हजारांवर गेला. एकतीस वर्षांच्या नोकरीत अधीक्षकांचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. ते दर तासाला आकडा बघू लागले, त्यामुळे टेलरबाईंना फोन मिळणं कमी झालं.

अभिप्राय वाचून लोक थांबले. लोक थांबले म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी किंमत दोन चहांवर आणली.

"बघ," अधीक्षक विजयी मुद्रेने म्हणाले. "म्हणजे आधीची किंमत फुगवलेली होती."

"आता घ्या मग."

"उतरायला लागली आहे. आता घेणारा मूर्ख ठरेल."

त्यांनी गोषवाऱ्याखाली तसा खुलासा टाकला. तोही उपयुक्त ठरला. किंमत एका चहावर आली, मग अर्ध्या चहावर. टेलरबाईंनी मागणं सोडून दिलं. त्या शिवणयंत्रापुढे बसून डाव्या हाताने चाक फिरवायचा प्रयत्न करत, दोरा तुटला की उठत.

एका दुपारी अधीक्षकांनी दारातून पाहिलं. त्या दिवशी डाव्याऐवजी टेलरबाईंचा उजवा हात चाकाच्या कडेवर होता आणि चाकाला नुसता पुढे लोटत होता. चाक जागचं हलत नव्हतं. अधीक्षक तडक कपाटाकडे गेले, फाइल काढली आणि शेवटच्या पानावर 'विशेष बाब म्हणून खरेदीस मंजुरी' असं लिहून सही केली. झटक्याला त्या दिवशी शहाऐंशी दिवस झाले होते. त्यांनी फोन उघडला आणि अंगठा पुढे केला.

पडद्यावर एक छोटी सूचना होती. 'चार लाख लोकांनी आमचा खेळ खेळला, त्यातल्या अकरा जणांनी तो विकत घेतला. त्या अकरा जणांचे मनापासून आभार. आजपासून खेळ बंद होत आहे.' पैसे भरायचं बटण करडं पडलं होतं. अधीक्षकांनी त्यावर अंगठा तीनदा दाबला.

नव्वदाव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलीने टेलरबाईंसमोर पाण्याची बाटली ठेवली. "काकू, झाकण फिरवून उघडा बरं." टेलरबाईंनी झाकणावर बोटं ठेवली. त्यांनी खूप जोर लावला. बाटली सुंदर, सरळ रेषेत टेबलावरून सरकत गेली आणि अधीक्षकांच्या मांडीवर पडली.

"होईल, काकू," मुलगी म्हणाली. "फक्त आता वेळ लागेल. एखादं वर्ष धरून चालू."

"काही हरकत नाही," टेलरबाई म्हणाल्या. "किफायतशीर पडेल."

अधीक्षकांनी बाटली उचलली, झाकण उघडून ती पत्नीच्या हातात दिली आणि त्यानंतर त्या घरातलं प्रत्येक झाकण तेच उघडतात. सुईत दोरा ओवायलाही ते शिकले आहेत.

खेळाच्या पानावर मात्र अजून गर्दी असते. आतापर्यंत तिथे साठ हजार लोकांनी हळहळ व्यक्त केली आहे. चांगल्या गोष्टींची आजकाल कदर उरली नाही, असे खेळ बनवणारी माणसं जगवायला हवी होती, असं बहुतेकांनी लिहिलं आहे. टेलरबाई कधीमधी ते उजव्या हाताने वर सरकवत वाचतात. हळहळणारा प्रत्येक जण आपण त्या अकरांपैकी होतो अशा थाटात लिहितो. तुम्ही तिथे काही लिहिलं असेल असा आरोप इथे कुणी करत नाही. तुम्ही तशी माणसं नाही. तुम्ही नुसतं 'उपयुक्त' दाबलंत.