हिसनागचा साबुदाणा

अर्शालुइस जिन्यावरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला, तेव्हा हाडाबरोबर तिचं अर्धं इंग्रजीही मोडलं. कुवेतच्या सालमियातल्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चारुशीलाशी ती आखाती युद्धानंतर इतकी वर्षं बोलत आली होती, ती मुळात हातांनीच. तोंडात चार शब्द इंग्रजी, दोन अरबी आणि बाकीचा मजकूर बोटांवर. आता बोटं प्लॅस्टरमध्ये गेली आणि मजकूर आत अडकला. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. चारुशीलाला हे आजही मान्य नाही. तिच्या मते घोटाळा झालाच नाही.

अर्शालुइस आर्मेनियन. त्यांचा नाताळ सहा जानेवारीला असतो आणि त्याआधीचे पन्नास दिवस येशूच्या येण्याची वाट बघायची, त्याला ते हिसनाग म्हणतात. हे नाव पहिल्यांदा ऐकल्यावर चारुशीलाच्या नवऱ्याने, रविकांतने, त्याचा नागपंचमीशी काही संबंध आहे का असं विचारलं होतं. तो तेल कंपनीत इंजिनिअर असल्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही. या पन्नास दिवसांतले काही आठवडे उपवासाचे. त्यातल्या एका गुरुवारी चर्चमध्ये संध्याकाळची प्रार्थना झाली की सगळा समाज हॉलमध्ये एकत्र जेवतो, आणि ते जेवण अर्शालुइस रांधते. सीरियात, अलेप्पोला, तिची आई रांधायची. तो मान आपल्याकडे यावा म्हणून दिगिन सिरानुश, म्हणजे सिरानुशबाई, वर्षानुवर्षं टपून बसल्या होत्या. हात मोडल्याची बातमी पोचताच त्यांचा फोन आला, 'तू आराम कर, मी बघते.' अर्शालुइसने उत्तर दिलं, 'सगळी तयारी झाली आहे.' फोन ठेवून ती थेट वर आली.

"चारू, तुला फास्टिंगचं जेवण माहीत आहे?" तिने विचारलं.

हा प्रश्न तिने कुणाला विचारावा? उपवासाला काय चालतं यात कुवेतच्या मराठी मंडळींत चारुशीलाचा शब्द शेवटचा होता. बायका फोन करून विचारत, 'ताई, उपवासाला कोथिंबीर चालते का?' आणि ताई आधी विचारत, 'माहेर कुठलं?'

"अर्शूबाई, मी शाळेत असल्यापासून उपवास करते. आजही माझा मार्गशीर्षातला गुरुवार आहे."

"माणसं साठ. आज संध्याकाळी."

"सहाशे आणा."

आणखी काही सांगण्यासाठी अर्शालुइसने हात उचलला, कळ थेट खांद्यापर्यंत गेली, आणि "सगळं किचनमध्ये आहे" एवढंच म्हणून ती खाली जाऊन गोळी घेऊन झोपली.

चारुशीला अर्शालुइसच्या स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. एका पातेल्यात छोले भिजत होते, दुसऱ्यात गहू. ओट्यावर कांद्यांची रास आणि लसणाच्या गड्ड्या.

"अहो, उपवासाला कांदा-लसूण?"

"त्यांच्यात चालत असेल," मागे उभा रविकांत म्हणाला.

"चालत असेल काय? बिचारीला दुखण्यात भान राहिलं नाही. ती सिरानुश टपलेलीच आहे. हे जर चर्चमध्ये गेलं असतं ना, तर अर्शूबाईंची अब्रूच गेली असती."

अब्रू वाचवायचं काम तिने लगेच हाती घेतलं. तळमजल्यावर रत्नागिरीकडची नूरबानू राहायची. रमजान चालू होता, तिचा रोजा होता. त्या डिसेंबरात हे सगळं एकदम आलं होतं. तीन मजल्यांवर तीन उपवास चालले होते आणि एकीच्या उपवासाचे नियम दुसरीला ठाऊक नव्हते. छोले, गहू, कांदे, लसूण, सगळं चारुशीलाने नूरबानूकडे पोचतं केलं.

"भाभी, इतके छोले? इफ्तारला अख्ख्या सालमियाला बोलवू काय?"

"बोलव. पुण्य लागेल."

मग रविकांतला भारतीय दुकानात पिटाळून तिने पोत्याने साबुदाणा आणवला, भिजत घातला, दाण्याचं कूट केलं, बटाटे उकडले, आणि दुपारी पदर खोचून कामाला लागली. साठ माणसांची खिचडी म्हणजे खेळ नव्हे. पहिला मोठा घाणा उतरला. काकडीच्या कोशिंबिरीत दही पडलं. शिंगाड्याच्या शिऱ्यात दूध पडलं. आपल्या हातून आज काहीतरी मोठं होतंय असं तिला मनापासून वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

दुपार कलल्यावर अर्शालुइस वासाने जागी होऊन वर आली. दारात उभी राहून तिने दोनदा नाक ओढलं.

"हे काय?"

"साजूक तूप. घरी कढवलेलं."

"कशाचं?"

"लोण्याचं."

"लोणी कुणाचं?"

"गाईचं. दुसरं कुणाचं?"

अर्शालुइस जवळच्या स्टुलावर बसली. तिने डावा हात वर केला आणि एकेक बोट मिटत गेली. "हिसनागला गाय खलास. बकरी खलास. कोंबडी खलास. दूध, दही, अंडं, लोणी, खलास."

"मग राहिलं काय?"

"छोले. गहू. कांदा. लसूण."

चारुशीलाच्या हातातला झारा तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर हात दाखवता न आल्यामुळे अवलक्षण झालं होतं. अर्शालुइस रागावली नाही, तेच वाईट झालं. ती हळू आवाजात म्हणाली, "सिरानुशला फोन करते. तिच्याकडे काहीतरी असेल." तिचे डोळे भरले होते. चारुशीलाला त्या क्षणी जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं, पण अगदी तळाला नूरबानूचं घर होतं, आणि त्यावरून तिला सुचलं.

"फोन करू नका," असं म्हणून ती जिना उतरत सुटली.

"नूरबानू, गहू कुठायत?"

"हरीस टाकलाय ना."

"हरीस म्हणजे?"

"गहू नि मटण. सकाळपासून शिजतंय. काय झाला?"

"आणि छोले?"

"छोले नुसते उकडून ठेवलेत. अजून काय घातला नाय."

"कांदा?"

"तळून ठेवलाय."

"तुपात?"

"नाय गो भाभी, तेलात. एवढा तूप कोण घालतो?"

कुणीतरी तूप न घातल्याचा चारुशीलाला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला. छोले, कांदा, लसूण आणि स्वतः नूरबानू, सगळ्यांना घेऊन ती वर आली. भिजलेला साबुदाणा अजून निम्मा शिल्लक होता. गव्हाच्या जागी साबुदाणा, तुपाच्या जागी तेल, आणि अर्शालुइसच्या फ्रिजमधला पालक, असा बेत तिने उभ्या उभ्या सांगितला. मोठी कढई चढली. तेल तापलं. नूरबानूने त्यात लसूण घातला. आता त्यावर साबुदाणा, आणि इथे चारुशीलाचा हात थांबला. तिच्या घराण्यात साबुदाण्याला लसूण शिवला नव्हता, तोही मार्गशीर्षातल्या गुरुवारी, आत देव्हाऱ्यात लक्ष्मीचा कलश मांडलेला असताना.

"भाभी, लसूण करपंल," नूरबानू म्हणाली.

चारुशीलाने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले, "आई, हे मी खाणार नाहीये," एवढा खुलासा केला आणि साबुदाणा घातला.

पुढची अडचण मिठाची. चव कोण बघणार? नूरबानूचा रोजा, पाण्याचा थेंब चालत नाही. चारुशीलाला कांद्या-लसणाचं बोट चालत नाही. तिघींत जीभ एकटीची मोकळी होती, आणि नेमका तिचाच हात अडकलेला. शेवटी अर्शालुइस स्टुलावर बसली, नूरबानू तिला भरवू लागली आणि चारुशीला ढवळू लागली. अर्शालुइस डोळे मिटून चघळायची आणि निकाल द्यायची. "मीठ. अजून. लिंबू. अजून. ताहिनी." ताहिनी म्हणजे तिळाचं वाटण, हे कळल्यावर चारुशीलाला बरं वाटलं. तीळ तिच्या ओळखीचे होते. छोले, पालक, तळलेला कांदा, साबुदाणा आणि तीळ. मराठी उपवासाच्या हिशेबाने याहून मोठं पाप एका कढईत मावलं नसतं. अर्शालुइसने शेवटचा घास गिळला. तिने आणखी एक घास मागितला.

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली आणि सगळे रोजा सोडायला बसल्यामुळे रस्ते ओस पडले. तुपातली खिचडी आणि शिरा नूरबानूच्या इफ्तारला गेला, आणि रविकांतने पातेली गाडीत घालून अर्शालुइस आणि चारुशीलाला चर्चला नेलं. आत प्रार्थना चालू होती. वाळूच्या परातीत मेणबत्त्या जळत होत्या, धुपाचा वास हॉलपर्यंत येत होता, आणि सगळे मिळून जुन्या भाषेत सावकाश काहीतरी गात होते. चारुशीलाला शब्द एकही कळला नाही. पण कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसांचं गाणं आहे, हे कळलं. तिने मनात लक्ष्मीला सांगितलं, आज या बाईची लाज राख, तुझी ओटी भरीन.

प्रार्थना संपली, साठ माणसं जेवायला बसली, आणि पहिलं ताट दिगिन सिरानुशसमोर आलं. त्यांनी चमचाभर घास उचलला आणि दिव्याच्या उजेडात धरला. पारदर्शक, गोल, चकचकीत दाणे.

"ही अंडी आहेत," त्या म्हणाल्या. "माशाची अंडी."

सगळ्या हॉलमधले चमचे थांबले. अर्शालुइसच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चारुशीला पुढे झाली. "अंडी नाहीत. झाडाच्या कंदाचं पीठ आहे, त्याचे गोळे."

"असं झाड मी पाहिलं नाही," सिरानुशबाई म्हणाल्या. "कंद असेल तर तुम्ही खाऊन दाखवा."

आता देर हायर, म्हणजे त्यांचे पांढऱ्या दाढीचे धर्मगुरू, जवळ आले. चारुशीलाकडे बघून त्यांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "एक घास घ्या मुली. विषय संपेल."

"नाही घेता येणार," चारुशीला म्हणाली. "माझा आज उपवास आहे."

"हे उपवासाचंच जेवण आहे ना?"

"तुमच्या. माझ्या नाही. मला कांदा चालत नाही. लसूण नाही, छोले नाहीत, गहू नाही."

देर हायर विचारात पडले. "मग तुमच्या उपवासाला चालतं काय?"

खोटं बोलायची जागा ती नव्हती. "तूप," चारुशीला म्हणाली. "दूध, दही, बटाटा, शेंगदाणे. खीर. पेढे."

देर हायरनी दाढीवरून हात फिरवला. "सतराशे वर्षं," ते हळूच म्हणाले, "सतराशे वर्षं आम्ही उपवास करतोय, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

पहिलं हसू कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याचं फुटलं, आणि मग सगळा हॉल हसला. हसू ओसरल्यावर देर हायर सिरानुशबाईंकडे वळले. "जी बाई देवाच्या भीतीने साठ माणसांसमोर कांद्याला शिवत नाही, ती आपल्याला अंडी खाऊ घालेल असं वाटतं तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी सिरानुशबाईंच्याच ताटातला घास उचलला, खाल्ला, आणि तिथेच खुर्ची ओढून बसले. ते ताट सिरानुशबाईंना परत मिळालं नाही.

पातेली खरवडली गेली. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला म्हणून एक म्हातारी खुर्चीवरून उठली, ती पातेल्याजवळच उभी राहून जेवली. कुणी अर्शालुइसचा डावा हात धरून हलवत होतं, कुणी तिच्या आईची आठवण काढत होतं. कुणीतरी म्हणालं की अलेप्पोच्या जेवणाचीच चव आहे, आणि अर्शालुइसने मान डोलावली. चारुशीला भिंतीला टेकून उपाशीपोटी हे बघत होती आणि तिला इतका आनंद झाला होता की भूक लागल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही.

सगळे पांगू लागल्यावर दिगिन सिरानुश आल्या. त्यांनी रिकाम्या पातेल्यातली पळी उचलली आणि सगळ्यांदेखत अर्शालुइसच्या डाव्या हातात दिली. "पुढच्या वर्षीही तूच," त्या म्हणाल्या, आणि अर्शालुइस त्यांच्या गळ्यात पडून रडली.

मग डोळे पुसून सिरानुशबाईंनी चारुशीलाला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमचा पुढचा उपवास कधी?"

"पुढच्या गुरुवारी."

"पुढच्या आठवड्यात आमचा उपवास नाही," सिरानुशबाई म्हणाल्या. "तेव्हा मी तुमचा करायला येते. देर हायरही येणार आहेत."